गोविंदराव टेंबे आणि पेटीची प्रतिष्ठा

श्रोतेहो, आज आपणांपुढे जो विषय मांडावयाचा आहे, तो माझ्या विद्वत्तेचा नव्हे. मी संगीतशास्त्री नाही. धाराशिव जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलांस अक्षरे गिरवावयास लावण्यात ज्याचे आयुष्य गेले, असा मी एक सेवानिवृत्त शिक्षक आहे. परंतु शिक्षकाच्या वाट्यास शाळेची प्रार्थना येते आणि प्रार्थनेबरोबर बाजाची पेटीही येते. त्या पेटीनेच मला आजचा विषय दिला आहे.

गोष्ट अशी घडली. माझ्या ऐन उमेदीच्या काळात आमच्या शाळेच्या एका समारंभास एक गवई पाहुणे म्हणून आले होते. मुलांनी ईशस्तवन म्हटले व मी पेटीची साथ केली. समारंभ आटोपल्यावर पाहुण्यांनी मला बाजूस घेतले आणि शांतपणे सांगितले, "गुरुजी, ह्या पेटीने तुम्ही मुलांचे कान बिघडवीत आहात." बोलणे एका वाक्याचेच, पण ते माझ्या जिव्हारी लागले. दुसऱ्याच दिवशी मी पेटी कपाटात ठेवून कुलूप लाविले, व ते कुलूप पुरते एक वर्ष तसेच राहिले. त्या वर्षात प्रार्थनेचे काय झाले, ते शेवटी सांगेन. परंतु त्या वाक्यातील आरोप खरा की खोटा, ह्याचा शोध मी तेव्हापासून घेत आलो. आणि शोध घेता घेता ज्या एका पुरुषाच्या चरित्रापाशी येऊन थांबलो, ते म्हणजे कोल्हापूरचे गोविंद सदाशिव टेंबे.

युरोपात पियानो ह्या वाद्याच्या वादकास जो मान आहे, तो आपल्याकडे पेटीवाल्यास कधी मिळाला नाही. फ्रान्झ लिस्ट हा हंगेरीत जन्मलेला वादक. त्याने १८४० च्या सुमारास एकट्याने पियानो वाजवून संबंध जलसा रंगविण्याचा प्रघात रूढ केला. त्यापूर्वी जलशात गायक, व्हायोलिनवाले, वाद्यवृंद असे सर्वच एकामागून एक येत. एकट्या वाद्याने श्रोत्यांस दोन तास बसवून ठेवावे, ही कल्पनाच लोकांस धाडसाची वाटली. पुढे उतारवयात लिस्ट वायमार येथे शिष्यांस शिकवीत असे आणि त्याबद्दल मोबदला घेत नसे. प्रथम स्वतंत्र वादक व नंतर गुरू, असा तो जीवनक्रम होय. ह्या जातीचा मनुष्य आपल्याकडे पट्ट्यांच्या वाद्यात कोण झाला, असे विचारल्यास महाराष्ट्राने टेंबे ह्यांचे नाव घ्यावे, असे मला वाटते.

प्रथम वाद्याची कुळकथा पाहू. पॅरिस येथील अलेक्झांद्र दबेन ह्याने १८४० च्या सुमारास हार्मोनियम ह्या नावाने हे वाद्य सिद्ध केले. भात्याने वारा भरावयाचा, पट्टी दाबली की वाऱ्यास वाट मिळावयाची, आणि त्या वाटेतील पितळेची पातळ जीभ थरथरून सूर निघावयाचा, इतकीच त्याची रचना. मूळ वाद्य पायाने भाता चालविण्याचे होते. वादकाने खुर्चीवर बसावे व दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवावे, अशी त्याची मांडणी. परंतु आपली बैठक जमिनीवरची. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष ह्यांनी १८८४ च्या सुमारास हाताने भाता चालविण्याची लहान पेटी बनविली. एक हात भात्यास व एक हात पट्ट्यांस, अशी विभागणी झाल्यावर पाश्चात्त्यांचा स्वरमेळ गेला आणि एकेरी स्वरांची आपली चाल तीत बसली. पेटी गादीवर आली, कीर्तनात आली, भजनात आली, आणि मराठी नाटक मंडळ्यांत तर तिने ठाणेच मांडिले.

एकट्या पेटीत राग उभा करावा, ही कल्पना मात्र सहज सुचण्यासारखी नव्हती. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याशी ज्यांचे रक्ताचे नाते होते, त्या भैयासाहेब गणपतराव ह्यांनी ठुमरी अंगाने पेटी वाजवून उत्तरेत मोठे नाव मिळविले. ते १९२० मध्ये निवर्तले. म्हणजे टेंबे ह्यांच्या तारुण्यात पेटीवर स्वतंत्र वादन होऊ शकते, ही गोष्ट सिद्ध झालेली होती; परंतु महाराष्ट्रात पेटीवाला हा अजूनही गवयाच्या मागे बसणारा मनुष्य होता.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरनजीक सांगवडे येथे झाला. कोल्हापुरास १८८३ पासून देवल क्लबाची बैठक होती. पुढे १८९५ मध्ये शाहू छत्रपतींनी अल्लादियाखाँसाहेबांस दरबारी आश्रय दिला. तेव्हा गोविंदराव चौदा वर्षांचे होते. ज्या वयात कान कोवळा असतो, त्याच वयात त्यांस त्या अवघड गायकीचा सहवास घडला. पुढे भास्करबुवा बखले ह्यांचा अनुग्रह त्यांस लाभला. बुवांच्या गाण्यास पेटीची साथ करावयाची, म्हणजे बुवांच्या मनातील पुढचा स्वर आधी ओळखावयाचा. साथ हीच त्यांची शाळा झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गवयाचा शिष्य गळ्याने शिकतो; त्याला चूक झाली तर गळाच सांगतो. पेटीवाल्यास बोटाने शिकावे लागते, आणि बोट खोटे बोलू शकते. कारण पट्टी दाबली की स्वर निघणारच, मग तो योग्य जागी असो वा नसो. म्हणून चांगला पेटीवाला व्हावयाचे तर आधी मनातल्या मनात गवई व्हावे लागते. टेंबे पेटीवर गात असत, असे म्हटले तर त्यात अलंकार नाही. ते त्यांच्या वादनाचे वर्णनच होय.

त्यांची कीर्ती सर्व महाराष्ट्रात पसरली, ती नाटकामुळे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांचे 'मानापमान' नाटक १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणिले. त्यातील पदांस चाली टेंबे ह्यांनी दिल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकोणतीस वर्षांचे होते. पूर्वीच्या नाटकांत साकी, दिंडी, लावणी, कर्नाटकी वळणाच्या चाली ह्यांचा भरणा असे. टेंबे ह्यांनी पूर्वेकडील ठुमरी, दादरा, कजरी ह्यांचा बाज मराठी शब्दांत आणिला. मराठी घरांतून जी पदे पुढे दोन-तीन पिढ्या गुणगुणली गेली, त्यांपैकी कित्येकांचा उगम ह्या एका नाटकात आहे.

माझे आजोबा येडशीहून बार्शी लाइट रेल्वेच्या लहानशा गाडीत बसून व पुढे कुर्डुवाडीस गाडी बदलून सोलापुरास नाटक पाहावयास जात. आमचा जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. मराठी नाटकाची हौस भागवावयाची तर सरहद्द ओलांडावी लागे. परत आल्यावर आजोबा नाटकाची गोष्ट फारशी सांगत नसत. पदांच्या चाली मात्र शेतात मोट हाकतानाही त्यांच्या तोंडी असत, असे माझे वडील सांगत. ज्या मनुष्याचे नाव आजोबांस बहुधा ठाऊकही नसेल, त्याने त्यांस गाणे शिकविले होते. शिक्षकाचा असाही एक प्रकार असतो.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व टेंबे ह्या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढिली. भागीदारी फार काळ टिकली नाही. टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी उभी केली. नाटक मंडळीचा व्यवहार म्हणजे कर्जाचा डोंगर. तो अनुभव त्यांसही चुकला नाही. इकडे त्यांच्या चाली मात्र मंडळ्यांच्या भिंती ओलांडून गेल्या. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाकरिता बालगंधर्व व केशवराव भोसले ह्यांनी एकत्र येऊन जो 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग केला, त्याची कथा आजही सांगितली जाते. दोन प्रतिस्पर्धी नट एका रात्री ज्या पदांच्या आधारे उभे राहिले, ती पदे टेंबे ह्यांच्या चालींची होती.

पुढे बोलपटांचे युग आले. प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. मराठीतील हा पहिला बोलपट. त्याचे संगीत टेंबे ह्यांचे, आणि राजा हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या होत्या. आणखी काही बोलपटांस त्यांनी संगीत दिले. मग ते लेखनाकडे वळले. 'माझा संगीत व्यासंग' हे पुस्तक १९३९ मध्ये व 'माझा जीवनविहार' हे १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या गवयांच्या मैफली ज्यांनी ऐकिल्या नाहीत, त्यांस त्या पुस्तकांतून ऐकावयास मिळतात. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता पाहुण्यांच्या आरोपाकडे वळतो. पेटीविरुद्ध जे म्हटले जाते, त्याचे दोन भाग आहेत, आणि दोन्ही खरे आहेत, हे प्रथमच मान्य केले पाहिजे.

पहिला भाग गणिताचा. षड्जाची कंपने सेकंदास २४० धरिली, तर तंबोऱ्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, त्याची कंपने ३०० होतात. कारण त्यांचे प्रमाण चारास पाच असे आहे. परंतु पियानोच्या पद्धतीने सप्तकाचे बारा सारखे भाग पाडले, तर गांधार ३०२.४ वर जातो. शुद्ध धैवत ४०० वर हवा, तो ४०३.६ वर जातो. निषाद ४५० वर हवा, तो ४५३ वर जातो. पंचम मात्र ३६० च्या ठिकाणी ३५९.६ येतो, म्हणजे जवळजवळ बिनचूक. ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे, त्यास असा गांधार चढलेला लागतो. दोन्ही गांधार एकत्र वाजविल्यास सेकंदास दोन-अडीच वेळा आंदोलन ऐकू येते. हा दोष ऐकणाऱ्याच्या कल्पनेतील नव्हे. तो मोजता येतो.

दुसरा भाग चलनाचा. आपल्या रागात स्वर हा मुक्कामाचे ठिकाण जितका, तितकाच प्रवासाचा रस्ता आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड, दरबारी कानड्यातील झुलता कोमल गांधार, हे पट्ट्यांच्या वाद्यात येणे शक्य नाही. पट्टी दाबलेली असते किंवा नसते. मधली स्थिती तिला ठाऊक नाही.

पहिल्या दोषावर उपाय शोधण्याचा मोठा प्रयत्न आपल्याच प्रांतात झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी बावीस श्रुतींचे मोजमाप करून १९१० मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमंट्स ह्या मुलकी अधिकाऱ्याने त्यांच्याबरोबर काम करून श्रुतींची वेगळी पेटी बनवून घेतली. बडोद्याच्या १९१६ च्या संगीत परिषदेत त्यावर बराच वाद झाला. ती पेटी रूढ झाली नाही. एका सप्तकात इतके स्वर दिल्यावरही मींड ती मींडच राहिली, आणि वाजविणाऱ्याची बोटे मात्र गोंधळली. कारागिरांनी पुढे अधिक व्यवहारी मार्ग काढिला. गवयाचा षड्ज ज्या पट्टीवर असेल, त्या पट्टीस धरून पितळी जिभा कानशीने हलक्या घासावयाच्या आणि गांधारादी स्वर जागेवर आणावयाचे. अशी पेटी त्या एका पट्टीत गोड वाजते. षड्ज बदलला की गोडी गेली.

आता सर्वांत मोठ्या शिक्षेची हकीकत. हिंदुस्थानच्या नभोवाणीचे नियंत्रक लायोनेल फील्डन ह्यांच्या कारकीर्दीत, १ मार्च १९४० पासून, सर्व केंद्रांवर पेटीस मनाई करण्यात आली. नभोवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे जॉन फोल्ड्स ह्यांनी तत्पूर्वीच पेटीविरुद्ध लेख लिहिला होता, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनीही तिच्याविरुद्ध मत दिले होते. पुढे स्वराज्य आले. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ पर्यंत नभोवाणी खात्याचे मंत्री होते. तरी बंदी कायमच राहिली. १९७० मध्ये खात्याने ह्या प्रश्नावर विद्वानांची चर्चा घडविली आणि १९७१ मध्ये बंदी अंशतः उठली, तीही प्रथम निवडक कलावंतांच्या साथीपुरती. ज्या नभोवाणीने पेटीस एकतीस वर्षे दाराबाहेर उभे केले, त्याच नभोवाणीच्या ध्वनिक्षेपकापुढे बसून मी आज पेटीची बाजू मांडीत आहे, ह्याची मला मौज वाटते व तिच्या उदारपणाचे कौतुकही वाटते.

बंदीचा सर्व परिणाम वाईट झाला, असे मात्र म्हणता येणार नाही. सारंगीसारख्या अवघड वाद्याच्या कलावंतांस नभोवाणीच्या केंद्रांत आश्रय मिळाला, ही त्या बंदीच्या जमेची बाजू होय. परंतु ज्यांचे सारे आयुष्य पेटीत गेले होते, त्यांस खात्याने, तुमचे वाद्यच संगीत नव्हे, असे सांगितल्यासारखे झाले. गोविंदराव टेंबे ह्यांच्या आयुष्याची अखेरची पंधरा वर्षे ह्याच बंदीच्या काळात गेली, हे विसरता येत नाही.

तथापि बंदीने वाद्य मेले नाही. ह्याचे कारण, टेंबे ह्यांच्यासारख्यांनी दिलेले उत्तर कागदावरचे नव्हते, बोटांतले होते. मींड येत नाही हे खरे. परंतु मुख्य स्वरास लगतच्या स्वराचा निसटता कण दिला, मागील पट्टी सोडावयाच्या आतच पुढील पट्टीवर बोट अलगद उतरविले, आणि त्याच क्षणी भात्याचा वारा कमी केला, तर कानास मींडेचा भास होतो. भाता हा पेटीचा श्वास आहे. नवशिका तो पंख्यासारखा हालवितो. जाणता वादक तो गवयाच्या दमासारखा वापरतो. जेथे राग पेटीस अनुकूल नाही, तेथे हट्ट धरू नये, आणि जेथे तान, लय व स्वरांची लखलख ह्यांस वाव आहे, तेथे कोणास हार जाऊ नये, हा विवेकही त्यातच आला.

ही परंपरा पुढे चालली. मधुकर पेडणेकर, ज्यांस रसिक पी. मधुकर म्हणून ओळखतात, त्यांनी स्वतंत्र वादनाची मैफल लोकप्रिय केली. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर हे गोव्यातील बोरी गावचे. त्यांनी मुंबईत अनेक विद्यार्थी तयार केले. त्यांस २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली व २०१८ मध्ये ते कालवश झाले. आमच्या मराठवाड्यास अभिमान वाटावा असे नाव म्हणजे आप्पा जळगावकर. जालन्याकडील हा मुलगा पुण्यास गेला आणि मोठमोठ्या गवयांच्या मागे त्याची पेटी अशी बोलू लागली की, श्रोते गवयाबरोबर साथीसही दाद देऊ लागले. ते २००९ मध्ये वारले. ज्या वाद्याने कान बिघडतात म्हणावे, त्या वाद्याची साथ इतक्या कानसेन गवयांनी आपण होऊन मागितली, ह्याचा अर्थ काय करावयाचा?

माझ्या मते अर्थ असा. पेटी स्वतः गुरू नव्हे. ती गुरूच्या हातातील छडी अथवा पाटी आहे. जो तिच्यावरून स्वर शिकेल, तो फसेल. जो स्वर शिकून तिच्याकडे येईल, त्याची ती दासी होईल. टेंबे अल्लादियाखाँ व भास्करबुवा ऐकून पेटीकडे परत येत राहिले. त्यांची प्रतिष्ठा वाद्याने त्यांस दिलेली नाही. त्यांनी ती वाद्यास दिली.

आता कुलपाची गोष्ट पुरी करितो. पेटी कपाटात गेल्यावर पहिले दोन-तीन महिने मुले ठीक म्हणत. मग स्वर रोज थोडा उतरू लागला. पुढची मुले एका पट्टीत, मागची दुसऱ्या. पावसाळा संपेपर्यंत प्रार्थनेचे पाठांतर झाले, गाणे राहिले नाही. ज्यांच्या घरी गाणे होते, त्या दोन-चार मुलांचे काही बिघडले नाही. बिघडले ते ज्यांच्या घरी भाकरीचीच चिंता होती त्यांचे. त्यांस दिवसातून एकदा कानावर पडणारा स्वर मीच काढून घेतला होता. पाहुण्यांच्या शब्दास मान देताना मी मुलांस विसरलो, ही चूक माझी होती.

वर्षाअखेर मी कुलूप काढिले. परंतु पेटी पूर्वीसारखी वाजविली नाही. तुळजापूरच्या यात्रेत संबळाच्या शेजारी तुणतुणे अखंड एकच स्वर धरून असते, ते पाहून मला युक्ती सुचली. पेटीचे षड्ज-पंचम तेवढे धरून ठेवावयाचे आणि मुलांनी त्यावर आपल्या गळ्याने चढावयाचे. अडले तरच बोटाने हात द्यावयाचा. कंपनांचे कोष्टक मला पुढे कळले; पण पंचम हा पेटीतील सर्वांत खरा स्वर आहे, हे मुलांच्या गळ्यांनी मला आधीच सांगितले होते. हळूहळू त्यांचा गांधार पेटीच्या गांधाराहून किंचित खाली, म्हणजे आपल्या मूळ जागी, लागू लागला. त्या दिवशी मी पाहुण्यांस मनोमन नमस्कार केला. त्यांनी दाखविलेला दोष खरा होता. मी केलेला उपाय तेवढा खोटा होता.

श्रोतेहो, आपल्या घरात आजोबांच्या काळची एखादी पेटी धूळ खात पडली असेल. तिचा भाता फाटला असेल, दोन-चार सूर मुके झाले असतील. कारागिराकडून ती दुरुस्त करून घ्यावी. मुलांस प्रथम तंबोऱ्यावर, निदान पेटीच्या षड्ज-पंचमावर, गावयास बसवावे आणि मग पट्ट्यांस हात लावू द्यावा. कोल्हापूरच्या एका मुलाने ह्याच वाद्यातून उभ्या महाराष्ट्रास गाणे दिले. आपल्या घरातील मुलास त्यातून एक खरा स्वर लाभला, तरी ती पेटी आणि आपण कृतार्थ झालो असे मी समजेन.